तेरा रकाने आणि एक पेन्सिल

कागदावर आकड्यांच्या दोन ओळी आहेत. वरच्या ओळीत ७, ८, ९ असं एकेकानं वाढत १९ पर्यंत. खालच्या ओळीत १, ३, ५ असं दोन-दोननं वाढत २५ पर्यंत. वरखाली जुळवले की तेरा रकाने होतात: ७ खाली १, ८ खाली ३, बरोबर मधोमध १३ खाली १३ आणि उजव्या टोकाला १९ खाली २५. वरचा आकडा तुमच्या गटातल्या कुणा एकाला मिळणार, खालचा दुसऱ्या गटातल्या कुणा एकाला. कोण ते माहीत नाही. नावाच्या जागी क्रमांक आहे. तुम्हाला स्वतःला यातून छदामही मिळायचा नाही. हातात पेन्सिल आहे आणि एका रकान्यावर खूण करायची आहे.

व्यवहारी माणूस उजव्या टोकाला जाईल. आपल्या माणसाला १९, दोघांचे मिळून ४४, आणि पैसे जाणार प्रयोग करणाऱ्याच्या खिशातून. समन्यायी माणूस मधल्या १३-१३ वर थांबेल. डावं टोक मात्र विचित्र आहे. तिथे आपल्या माणसाला फक्त ७ मिळतात, म्हणजे उजव्या टोकापेक्षा १२ कमी. पण दुसऱ्याला १ च मिळतो, म्हणजे आपला माणूस सहानं पुढे राहतो. आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करायची सोय या तक्त्यात व्यवस्थित करून ठेवलेली आहे.

हा तक्ता समाजमानसशास्त्रज्ञ हेन्री ताजफेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. १९७० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांपैकी पहिल्यात इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या उपनगरातल्या एका शाळेची १४-१५ वर्षांची ६४ मुलं होती. ती आठ-आठच्या तुकड्यांनी आली आणि एकमेकांना चांगली ओळखत होती. पडद्यावर ठिपके क्षणभर दाखवायचे आणि किती होते ते विचारायचं. मग सांगायचं, तू जास्त मोजणाऱ्यांतला, तू कमी मोजणाऱ्यांतला. दुसऱ्या प्रयोगात ४८ मुलं होती. तिथे गट पाडले ते क्ले आणि कँडिन्स्की या दोन चित्रकारांपैकी कुणाची चित्रं आवडली यावरून. निदान मुलांना तसं सांगितलं होतं. प्रत्यक्षात चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गट पाडले होते. एका गुणाला एका पेनीचा दहावा भाग. प्रत्येक मुलगा एकटा बसून खुणा करत होता, कुणी पाहत नव्हतं.

निवडी १३-१३ पासून सरकल्या आणि आपल्या गटाला झुकतं माप देणाऱ्या बाजूला गेल्या. भांडणाचा इतिहास नाही, स्वार्थ नाही, गटातली माणसं कोण हेही माहीत नाही, तरी माप झुकलं.

तक्त्याची खरी कारागिरी वेगळीच आहे, आणि या प्रयोगाबद्दल लिहिताना ती बहुधा गाळली जाते. एकाच खुणेवरून हेतू ओळखता येत नाही, म्हणून तोच तक्ता दुसऱ्यांदा उलटा द्यायचा: आता वरची ओळ दुसऱ्या गटाची, खालची आपली. या उलट्या कागदावर आपला जास्तीत जास्त फायदा, दोघांचा मिळून जास्तीत जास्त फायदा आणि जास्तीत जास्त फरक हे तिन्ही उजव्या टोकाला, १९ खाली २५ वर, एकत्र येतात. सुलट्या कागदावर मात्र फायदा उजवीकडे आणि फरक डावीकडे अशी ओढाताण असते. ज्याला फक्त फायदा हवा तो दोन्ही वेळा उजवं टोक धरील. ज्याला समानता हवी तो दोन्ही वेळा मधे राहील. ज्याला फरक हवा तोच सुलट्यावर डावीकडे आणि उलट्यावर उजवीकडे जाईल. दोन खुणांमधलं रकान्यांचं अंतर मोजलं की त्या मुलाला फरकाची ओढ किती हे आकड्यात मिळतं. महाविद्यालयाच्या प्रात्यक्षिकात हा प्रयोग करताना हमखास बिघडतं ते इथेच: तक्ता एकाच दिशेनं दिला जातो आणि उत्तराला 'पक्षपात' असं नाव देऊन मोकळं होतात. दुसरी चूक म्हणजे स्वतःलाही वाटा मिळण्याची शक्यता उघडी ठेवणं. मग स्वार्थ आणि गटप्रेम यांची खिचडी होते आणि ती पुन्हा निवडता येत नाही.

ताजफेल यांचा जन्म १९१९ चा, पोलंडमधल्या ज्यू कुटुंबातला. फ्रान्समध्ये शिकत असताना युद्ध आलं, ते फ्रेंच सैन्यात गेले आणि १९४० मध्ये जर्मनांच्या हाती लागले. युद्धकैदी म्हणून ते वाचले, कारण पोलिश ज्यू ही ओळख त्यांनी लपवून ठेवली होती. घरची बहुतेक माणसं मारली गेली. पहारेकऱ्याशी त्यांचं वैयक्तिक पातळीवर कितीही चांगलं असतं तरी ओळख उघडी पडल्यावर त्याचा उपयोग झाला नसता, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. गटाचा शिक्का माणसातल्या नात्यावर मात करतो हे त्यांचं सूत्र अशा जागेवरून आलेलं आहे. आणि याच माणसाच्या आपल्या प्रयोगशाळेतल्या स्त्रियांशी असलेल्या वागण्याबद्दलच्या गोष्टी पुढे उघड झाल्या, तेव्हा २०१९ मध्ये युरोपियन असोसिएशन ऑफ सोशल सायकॉलॉजी या संस्थेनं त्यांच्या नावाचा पुरस्कार नव्या नावानं द्यायचं ठरवलं. सत्तेबद्दल लिहिणारा सत्तेच्या बाहेर उभा असतो असं थोडंच आहे.

आता या प्रयोगाचं जे सार फिरतं ते असं: माणूस मुळातच असा, गट पाडा की भेदभाव आलाच. हे सार सोयीचं आहे, कारण त्यात कुणाचीच जबाबदारी उरत नाही. पण तक्ते नीट पाहिले तर समानतेची ओढही तिथे ठळक दिसते. बरीच मुलं मधल्या रकान्याच्या आसपासच घुटमळली होती. शिवाय पुढच्या संशोधकांनी गुणांऐवजी शिक्षा वाटायला दिली, उदाहरणार्थ कानाला त्रास होईल असा आवाज किती वेळ ऐकवायचा, तेव्हा पक्षपात बराच सौम्य झाला. तिसरी गोष्ट सगळ्यांत मोठी आणि डोळ्यांसमोर असून न दिसणारी: ब्रिस्टलच्या खोलीत पेन्सिल सगळ्यांच्या हातात होती. दोन्ही गटांचं माप सारखंच चालत होतं. असा समाज कुठे असतो?

इतेश सचदेव आणि रिचर्ड बूरी यांनी कॅनडात हीच गोष्ट बदलून पाहिली. त्यांचा प्रयोग १९८५ साली छापून आला. गट तसेच निरर्थक कारणावरून पाडलेले, तक्ते तेच. फक्त सांगितलं की गुणवाटपात तुमच्या गटाच्या शब्दाला अमुक टक्के वजन आहे: कुणाला १००, कुणाला ७०, कुणाला ५०, कुणाला ३०, कुणाला शून्य. वजनदार गटांनी आणि बरोबरीच्या गटांनी भेदभाव केला. शून्यवाल्यांनी केला नाही. आपुलकी, गटाचा अभिमान, आपण-ते ही भावना हे सगळं त्यांच्याकडेही असणारच. भेदभाव म्हणून कागदावर उतरायला लागतो तो टक्क्यांचा आकडा त्यांच्याकडे नव्हता. पूर्वग्रह आणि भेदभाव हे दोन शब्द आपण एकमेकांच्या जागी सहज वापरतो. मनातला कल आणि तो दुसऱ्याच्या ताटापर्यंत पोचवण्याची सोय यांत जे अंतर आहे, ते या टक्क्यांनी मोजता येतं.

ज्याच्या हातात पेन्सिल नाही त्याच्या बाजूनं पाहायचं तर उत्तर प्रदेशातल्या हरदोई जिल्ह्यात जावं लागतं. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे यांनी तिथे सहावी-सातवीच्या वयाच्या मुलग्यांना कागदावरची भूलभुलैयाची कोडी सोडवायला दिली. तथाकथित उच्च जातींतले ३२१, अनुसूचित जातीतले ३२१. एका वेळी सहा जण बसवायचे, तीन या बाजूचे, तीन त्या बाजूचे. पंधरा कोड्यांचा एक संच, पंधरा मिनिटं. मग दुसरा संच, आणखी पंधरा मिनिटं. सुटलेल्या कोड्याला एक रुपया. काही तुकड्यांत दुसऱ्या फेरीला स्पर्धा: सर्वांत जास्त सोडवणाऱ्याला कोड्यामागे सहा रुपये, बाकीच्यांना काही नाही.

मुख्य बदल होता तो अगदी सुरुवातीला. काही तुकड्यांत मुलं आली, बसली, कामाला लागली. काहींत प्रयोग घेणाऱ्यानं आधी प्रत्येकाचं नाव, वडिलांचं नाव, आजोबांचं नाव, गाव आणि जात मोठ्यानं वाचली आणि मुलानं मान हलवून होकार दिला. आपल्याकडच्या शाळांत हजेरीच्या निमित्तानं, शिष्यवृत्तीच्या अर्जाच्या निमित्तानं हे किती सहज होतं ते वाचकाला सांगायची गरज नाही.

जात वाचली नाही तेव्हा दोन्हींकडची मुलं सारखीच कोडी सोडवत होती. वाचल्यावर अनुसूचित जातीच्या मुलांचा आकडा घसरला आणि मोठी दरी पडली. इथवरचं बऱ्याच जणांना ऐकून माहीत असतं, आणि इथेच थांबून ते 'न्यूनगंड' हा शब्द काढतात. पण हॉफ आणि पांडे यांची आणखी एक मांडणी आहे आणि ती या शब्दाला पुरून उरते. तिच्यात जात वाचली होतीच, पण सहांपैकी एकाची चिठ्ठी काढून फक्त त्यालाच कोड्यामागे सहा रुपये द्यायचे ठरलं. बक्षीस माणसाच्या हातून गेलं आणि चिठ्ठीच्या हाती आलं. दरी नाहीशी झाली.

न्यूनगंड असता तर चिठ्ठी काढल्यानं तो कसा गेला असता? त्याच संशोधनातल्या दुसऱ्या प्रयोगात कोडं सुटेल की नाही यावर पैज घ्यायची होती. परीक्षकाला स्वतःच्या मर्जीनं ठरवायला वाव ठेवला आणि जात उघड केली, तेव्हा दलित मुलं पैज जास्त वेळा नाकारत होती. परीक्षकाचा वाव काढून घेतला की फरक उरत नव्हता. बारा-तेरा वर्षांच्या मुलानं केलेला हा साधा हिशेब आहे: तपासणारा माणूस आहे, त्याला माझी जात कळली आहे, मग घाम कशाला गाळू? पिढ्यांच्या अनुभवावर बेतलेला हिशेब. तो बदलायचा तर मुलाच्या मनावर उपचार करण्याआधी तपासणाऱ्याच्या हातातली मोकळीक मोजावी लागते. दहावीच्या लेखी उत्तरपत्रिकेवर नाव नसतं ही गोष्ट म्हणून क्षुल्लक नाही. आणि तोंडी परीक्षेत, प्रात्यक्षिकात, मुलाखतीत ते असतं, हीही नाही.

पुढे २०१४ मध्ये त्यांनी आणखी एक निरीक्षण मांडलं. सहाही मुलं एकाच जातीची बसवून जात वाचली, म्हणजे जुन्या उतरंडीची आठवण करून देणारी वेगळी पंगत मांडली, तेव्हा उच्च जातींच्या मुलांचीही कामगिरी खालावली. आपलं स्थान पक्कं आहे असं वाटलं की धडपड कशाला करायची, असा एक अर्थ संशोधकांनी लावला.

हरदोईच्या प्रयोगाची तुलना नेहमी क्लॉड स्टील आणि जोशुआ आरन्सन यांच्या १९९५ च्या स्टॅनफर्डमधल्या कामाशी होते. परीक्षा बुद्धी मोजणारी आहे असं सांगितल्यावर कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे गुण घटले, तसं न सांगितल्यावर दरी मिटली, असा तो निष्कर्ष पाठ्यपुस्तकांत येतो. त्यात एक गफलत आहे. प्रसिद्ध झालेले आकडे विद्यार्थ्यांच्या आधीच्या प्रवेशपरीक्षेचे गुण जमेस धरून दुरुस्त केलेले होते. दरी 'मिटली' याचा अर्थ ती आधी होती तेवढीच राहिली, वाढली नाही. पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये हे दाखवून दिलं, तरी चुकीचं वाक्य वर्गांतून अजून फिरतं. त्यापुढची अडचण आणखी गंभीर. मुलींच्या गणिताबाबतचा असाच परिणाम नेदरलँड्समध्ये २,०६४ शाळकरी मुलामुलींवर, पद्धत आधीच जाहीर करून, तपासला गेला (२०१८) आणि सापडला नाही. म्हणून एखाद्या शिबिरात 'नुसती ओळख आठवली की बुद्धी मंदावते' असं कुणी ठासून सांगितलं तर आकडे मागावेत. हरदोईचं काम उभं आहे ते वेगळ्या पायावर: तिथे शिक्षा-बक्षिसाची यंत्रणा बदलून पाहिली होती. मनातल्या नुसत्या धास्तीवर त्याची भिस्त नव्हती.

पेन्सिल हातात असलेल्यांचं मोजमाप घ्यायची रीत वेगळी, कारण त्यांना विचारून उपयोग नसतो. 'आम्ही जात पाहत नाही' हे उत्तर आधीच तयार असतं. औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात शिकलेले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि अमेरिकेतले पॉल अटवेल यांनी वर्तमानपत्रांतल्या नोकरीच्या जाहिरातींना खोटे अर्ज पाठवले. ५४८ जाहिराती, ४,८०८ अर्ज, ६६ आठवडे. शिक्षण, अनुभव, भाषा सगळं तोलामोलाचं. फरक फक्त नावात: एक सवर्ण हिंदू, एक दलित, एक मुस्लिम. सवर्ण नावाच्या तुलनेत मुलाखतीला बोलावलं जाण्याचं प्रमाण दलित नावाला ०.६७ आणि मुस्लिम नावाला ०.३३ पट निघालं.

हे प्रमाण म्हणजे टक्केवारी नव्हे. इथे नेहमी घोळ होतो. बोलावलेले भागिले न बोलावलेले, असं ते गुणोत्तर असतं. समजा शंभरातल्या पन्नास सवर्ण अर्जदारांना बोलावलं, तर त्यांचं गुणोत्तर १. त्याच्या ०.६७ पट म्हणजे शंभरात साधारण चाळीस, तेहतीस नव्हे. बोलावणं दुर्मीळ असेल, शंभरात दहाच, तेव्हा मात्र ते सातच्या जवळ येतं आणि 'दोन तृतीयांश' हे ढोबळ वाक्य चालून जातं.

असा अभ्यास महाराष्ट्रापुरता करायचा तर पहिली अडचण नावांचीच. गावावरून पडलेली 'कर'वाली आडनावं जातीपातींच्या आरपार जातात. खुद्द आंबेडकर हे आडनाव त्यातलंच. नुसत्या आडनावावर विसंबलं तर वाचणाऱ्याला कळलंच नाही म्हणून भेदभाव झाला नाही, आणि आपण म्हणणार, भेदभावच नाही. म्हणून आधी वेगळ्या लोकांना नावं दाखवून ती कशी वाचली जातात हे तपासावं लागतं. हा टप्पा टाळला की सगळं मुसळ केरात.

ताजफेलच्या तक्त्याची एक मर्यादा मात्र यातल्या कशानंही भरून येत नाही. त्यात दोनच ओळी आहेत. बाबासाहेबांनी ज्याला श्रेणीबद्ध विषमता म्हटलं, तिच्यात ओळी दोन नसतात. शिडी असते, आणि शेवटची पायरी सोडली तर प्रत्येकीच्या खाली आणखी कुणीतरी असतं. गमावण्यासारखं थोडं का होईना प्रत्येकाकडे असतं, म्हणून सगळे मिळून शिडीविरुद्ध उठत नाहीत. जातीशी काही संबंध नसलेल्या एका अमेरिकी प्रयोगात याचा विलक्षण पडसाद सापडतो. इल्याना कुझिम्को आणि सहकाऱ्यांनी (२०१४) सहा खेळाडूंना एकेका डॉलरच्या फरकानं रक्कम वाटली आणि सगळ्यांना क्रम दाखवला. मग प्रत्येकाला दोन डॉलर दिले. ते स्वतःला ठेवायचे नाहीत. आपल्या लगेच वरच्याला द्यायचे किंवा लगेच खालच्याला. खालच्याला दिले तर तो आपल्याला ओलांडून एक डॉलरनं पुढे जाणार. तरीही बहुतेकांनी खालच्यालाच दिले. वरच्याला देण्याकडे सर्वांत जास्त कल होता तो शेवटून दुसऱ्याचा. खालचा पुढे गेला तर तळाला आपण, हे त्याला दिसत होतं. ब्रिस्टलच्या तक्त्याला अशी तिसरी, चौथी ओळ जोडून आपल्याकडे कुणी तरी प्रयोग करायला हवा.

मग उपाय? माणसं एकत्र आणा, हा नेहमीचा. त्याचं सर्वांत रंजक मोजमाप मॅट लो यांनी वाराणसी परिसरातल्या खेड्यांत २०१७ मध्ये केलं. १,२६१ तरुण. त्यांतल्या काहींचे पाच-पाच जणांचे संघ आणि क्रिकेट, बाकीचे तुलनेसाठी खेळाबाहेर. काही संघ एकाच जातीचे, काही मिश्र, सगळं सोडत काढून. मिश्र संघातून खेळलेल्यांच्या जातीबाहेरच्या मैत्री वाढल्या, बक्षिसासाठी मत देताना आपल्या जातीकडचा ओढा कमी झाला. पण दुसऱ्या जातीची माणसं केवळ समोरच्या संघात भेटली, तर तसा फायदा दिसला नाही, उलट काही बाबतींत तोटाच. एकत्र येणं पुरेसं नाही, एका बाजूनं खेळावं लागतं. गावच्या स्पर्धांमध्ये संघ आळीवार आणि वाडीवार उतरतात हे लक्षात घेतलं तर ही बारीक गोष्ट आयोजकांच्या कामाची आहे.

गौतम राव यांनी दिल्लीच्या खासगी शाळांत, २००७ पासून गरीब मुलांसाठी राखलेल्या २० टक्के जागांमुळे काय झालं ते पाहिलं. रिले शर्यतीसाठी श्रीमंत मुलांनी जोडीदार निवडायचा होता. बक्षीस ५०० रुपये असताना वेगवान गरीब मुलाला डावलून हळू पळणारा श्रीमंत मुलगा निवडणारे सुमारे ६ टक्के होते. बक्षीस ५० रुपये झाल्यावर जवळजवळ एक तृतीयांश. भेदभावालाही किंमत असते आणि स्वस्त असला की तो परवडतो. गरीब वर्गमित्रांबरोबर शिकलेली मुलं तो कमी करत होती.

शिक्षण हक्क कायद्यातल्या २५ टक्के जागांचा महाराष्ट्रातला वाद या पार्श्वभूमीवर वाचण्यासारखा आहे. सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खासगी विनाअनुदानित शाळेला सूट, असा बदल राज्य सरकारनं फेब्रुवारी २०२४ मध्ये केला आणि मुंबई उच्च न्यायालयानं जुलैत तो रद्द ठरवला. चर्चा झाली ती शुल्काच्या थकबाकीची आणि अंतराची. त्या वर्गात बसणाऱ्या बाकीच्या ७५ टक्क्यांना काय मिळतं किंवा जातं, हा प्रश्न फारसा कुणी काढला नाही.

आणि एकत्र बसून गोडीगुलाबी झाली, की वाटणी सुधारते का? तमार सगाय आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दोन छोटे गट केले आणि एकाला अधिकार दिला: अभ्यासक्रमाचे जादा गुण दोन्ही गटांत कसे वाटायचे ते तुम्ही ठरवा. वाटणीआधी गटांना गप्पा मारायला बसवलं. काहींना सांगितलं, तुमच्यात सारखं काय ते बोला. काहींना सांगितलं, वेगळं काय ते बोला. सारखेपणावर बोललेल्या खोल्यांत दोन्ही गटांना एकमेकांबद्दल अधिक बरं वाटलं. बिनअधिकाराच्या गटाला तर आता वाटणी न्याय्य होईल अशी आशाही वाटू लागली. मग अधिकार असलेल्या गटानं कागद भरला. सारखेपणावर बोललेल्या खोलीतला आणि वेगळेपणावर बोललेल्या खोलीतला असे दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले, तेव्हा ते सारखेच झुकलेले होते.